ओमानच्या किनाऱ्यावरचा शिंपल्यांचा थर त्सुनामीचा असेल का?

वाळूवाट:
गेल्या हिवाळ्यात फिन्स ते सूर किनाऱ्याने दोन दिवस पायी हिंडलो. भरतीरेषेपासून बऱ्याच आत, ओहोळाने कापलेल्या काठात वीतभर खोलीवर शिंपल्यांचा पांढरा पट्टा दिसला. पुढे कातळावर मोटारीएवढी शिळा एकटीच पडलेली. हे १९४५ च्या लाटेचं काम असेल का?

खडकवेडी:
शक्यता आहे. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानला, म्हणजे समोरच्या पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याजवळ, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सूरच्या खाजणातला शिंपल्यांचा एक थर त्याच त्सुनामीचा मानतात. तिथे दोन्ही झडपा जुळलेले शिंपले बरेच आहेत, आणि तुटक्या तुकड्यांच्या कडा धारदार आहेत. रोजच्या लाटांत घासले गेले असते तर त्या गोल झाल्या असत्या. वाळवंटात पाऊस कमी, झाडोरा विरळ, म्हणून मुळं असा थर फारसा विसकटत नाहीत.

पण तिथे हजारो वर्षांपूर्वी मासेमारी करणारी माणसं राहत होती. त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीगही असेच पांढरे दिसतात. विद्यार्थी असताना अशाच एका ढिगाची मी ‘त्सुनामी’ म्हणून नोंद केली होती. दुसऱ्या दिवशी त्यात माशांचे मणके सापडले. तेव्हापासून आधी राख, कोळसा, हाडं शोधते. तुमच्या पट्ट्यात आहेत का? आणि पट्टा किती लांब जातो? लाटेचा थर दूरवर पसरतो, ढीग लवकर संपतो.

दर्यासारंग:
शिळेबद्दल सांगतो. २००७ च्या गोनू चक्रीवादळासारखी वादळंही दगड हलवतात, त्यामुळे आकारावरून निकाल देऊ नका. मात्र फिन्स ते सूरच्या त्याच किनाऱ्यावर सुमारे १०० टनांपर्यंतच्या शिळा आहेत, आणि त्यांतल्या काही साधारण हजार वर्षांपूर्वीच्या त्सुनामीने आणल्याचं संशोधकांचं मत आहे. समुद्राच्या फवाऱ्याने कातळावर उथळ वाट्या कोरल्या जातात. त्या शिळेच्या खालच्या अंगाला असतील तर शिळा उलटली आहे. चिकटलेले कालव असतील तर त्यांच्यावरून कार्बन पद्धतीने वय काढता येतं. खरवडू मात्र नका, तो पुरावा आहे.

वाळूवाट:
फोटो मोठे करून पाहिले. पट्टा आठ-दहा पावलांत संपतो, आणि एका टोकाला काळे कण आहेत. म्हणजे ते बहुधा कुणाचं तरी जेवण. शिळेच्या खालच्या बाजूला मात्र तीन वाट्या दिसतात, तोंड जमिनीकडे. फोटो टाकतोय.