मदत हवी आहे: ‘चाचा’ हा शब्द कुठून आला?

नमस्कार मंडळी. मी विजयदुर्गाजवळचा. लहानपणी भर उन्हातून, पायांना वाळू घेऊन घरी आलो की आजी पडवीतूनच ओरडायची, “चाच्यासारखो खंय फिरान इलंस रे?” तिच्या लेखी चाचा म्हणजे कुणाचाच धाक नसलेला. शाळेत कळलं, चाचे म्हणजे समुद्रावरचे लुटारू.

‘बदमाश’ची फोड सरळ आहे: फारसी ‘बद’ म्हणजे वाईट, अरबी ‘मआश’ म्हणजे उपजीविका. ‘चाचा’ मात्र मला सुटत नाही. जुन्या पुस्तकांत ‘चांचा’ असा अनुस्वारही दिसतो.

हा शब्द मला लागतो तो कान्होजी आंग्र्यांमुळे. ते मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख. १७२९ साली वारले, तोवर कोकणचा समुद्र राखला, दस्तक (समुद्रात फिरायचा परवाना) न घेणारी जहाजं धरली. इंग्रजांनी त्यांनाच चाचा ठरवलं! म्हणजे कायदा कोणाचा, यावरच चाचा कोण ते ठरायचं.

बखरीत, जुन्या पत्रांत हा शब्द कुणी वाचलाय का? गाबीत, खारवी, कोळी, भंडारी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो कोणत्या अर्थाने येतो? वाक्य जसंच्या तसं, गावाच्या नावासह लिहा. आजी आता नाही, तिला विचारायचं राहून गेलं.