वाचनकट्ट्यासाठी पुस्तक सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनकट्टा भरतो. कॉलेजातली मुलं आणि सत्तरीतले आजोबा एकाच सतरंजीवर, त्यामुळे पुस्तक निवडताना कस लागतो. माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) फार रंगली. आटोपशीर कादंबरी, सगळ्यांची वाचून झालेली. दुष्काळात गाव ओस पडतं त्या शेवटावर तर चहा गार होईस्तोवर बोलणं चाललं. 'कोसला' मात्र निम्म्यांनी अर्ध्यावर सोडली.

आता बाईनं लिहिलेलं, दोनशे पानांच्या आतलं, दुकानात सहज मिळणारं काही सुचवाल का? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सगळ्यांनाच हवी आहेत, पण पुस्तक जाडजूड. मुळात ते चार भागांत आलं होतं. म्हणून दोन बैठकांत दोन-दोन भाग घ्यावेत का? कुणी तसं केलं असेल तर जरूर सांगा.