युरियात गेलेला कार्बन डायऑक्साइड सीबॅममध्ये वजा का होत नाही?

निर्यातखिडकी:
मी युरिया कारखान्याच्या निर्यात विभागात आहे. युरोपातल्या खरेदीदाराने सीबॅमसाठी, म्हणजे सीमेवरच्या कार्बन करासाठी, उत्सर्जनाचा तक्ता मागितलाय. तीन दिवस झाले, माझा आकडा आणि सल्लागाराचा आकडा जुळत नाही. एक टन युरियाला ढोबळमानाने 0.57 टन अमोनिया आणि 0.73 टन कार्बन डायऑक्साइड लागतो. हा वायू आमच्याच अमोनिया विभागातून येतो, धुराड्यातून सुटत नाही. म्हणून मी तो वजा केला. सल्लागाराने लाल शाईने परत मिळवला! टनभर उत्सर्जनामागे घ्यावं लागणारं प्रमाणपत्र 75 युरोचं धरलं तर टन युरियामागे जवळजवळ 55 युरोंचा फरक पडतो. हवेत न सोडलेल्या वायूचे पैसे आम्ही का मोजायचे?
शिवाय 2026 मध्ये भार फक्त 2.5 टक्के आहे म्हणतात. मग खरेदीदार आत्ताच भाव का पाडतोय?

काळी_माती:
तुमची चिडचिड समजते, पण सल्लागार बरोबर आहे. युरिया जमिनीत पडला की युरीएज नावाचं विकर त्याचे तुकडे करतं. अमोनियम मातीत राहतं आणि कार्बन डायऑक्साइड काही दिवसांत हवेत जातो. म्हणजे तुम्ही तो साठवला नाहीत, शेतापर्यंत नेऊन सोडलात. कायमचा बांधला गेला तरच वजावट, हा नियम युरोपातल्या युरिया कारखान्यांनाही आहे. तुमच्यासाठी वेगळा काढलेला नाही.

ताळेबंद:
2.5 टक्क्यांबद्दल सांगतो, कारण इथे भलेभले फसतात. 2.5 टक्के भार म्हणजे उरलेल्या 97.5 टक्क्यांची सूट, पण ही सूट तुमच्या उत्सर्जनावर नसते, युरोपने टन मालामागे ठरवून दिलेल्या उत्सर्जनाच्या मानकावर असते. समजा मानक 1 टन आहे आणि तुमचं उत्सर्जन 1.5 टन. (आकडे केवळ समजण्यापुरते.) 1.5 वजा 0.975, राहिले 0.525 टन. 75 युरोंच्या दराने 39 युरो, तेही पहिल्याच वर्षी. मानकापेक्षा जास्त असलेला भाग सुरुवातीपासून पूर्ण भरावा लागतो. पुढे 2030 मध्ये 2.5 चे 48.5 होतात आणि 2034 मध्ये 100.
प्रमाणपत्रं आयातदार घेतो. 2026 च्या मालाची विक्री फेब्रुवारी 2027 पासून आहे, माल घेताना नेमका खर्च त्यालाही कळत नाही. तुमच्याकडून पडताळलेले आकडे आले नाहीत तर त्याला युरोपने ठरवून दिलेली ठोक मूल्यं वापरावी लागतात. मग तो भावातच हात राखून बोलतो. खतांच्या हिशेबात वापरलेल्या विजेचं उत्सर्जनही धरतात, ती बिलं आत्ताच काढून ठेवा.

निर्यातखिडकी:
मी 97.5 टक्के थेट आमच्या आकड्यावर लावत होते. आज सगळा तक्ता नव्याने करते. आमच्याच आवारात अमोनियम नायट्रेटही बनतं. त्याला हेच गणित लागेल का?

प्लॅटिनम_जाळी:
नाही, अमोनियम नायट्रेट नायट्रिक आम्लापासून बनतं, म्हणून तिथे आधी त्या आम्लाकडे बघा. मी 14 वर्षं त्याच विभागात काढली. प्लॅटिनमच्या जाळीवर अमोनिया जळताना थोडा नायट्रस ऑक्साइड तयार होतो. मध्यम दाबाच्या, काहीच उपाय न केलेल्या संयंत्रात टन आम्लामागे साधारण 7 किलो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 265 पट तापवणारा धरतात, म्हणून 265 ने गुणलं की 1.85 टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आकडा येतो! जाळीखालच्या टोपलीत दुसरं उत्प्रेरक बसवलं की यातला बहुतांश जागीच मोडतो. जाळी बदलायला बंद ठेवता तेव्हाच ते बसवता येतं. पण हा वायू अंदाजाने लिहून चालत नाही, धुराड्यात सतत मोजणारं यंत्र हवं. तुमच्याकडे आहे का?

निर्यातखिडकी:
आहे, पण नोंद पाळीला एकदाच, हाताने वहीत होते.

प्लॅटिनम_जाळी:
मग पडताळणीला माणूस येण्याआधी तासातासाची नोंद आपोआप साठेल अशी सोय करून घ्या. वायूच्या प्रवाहाचीही, नुसत्या प्रमाणाची नाही.