किशोरवयीन मुलींची खूनकथा सांगलीत घडवायची आहे. मुली खऱ्या कशा वाटतील?

कृष्णाकाठची

नमस्कार. किशोरवयीन वाचकांसाठी मी एक खूनकथा लिहीत असून ती सांगली-हरिपूर परिसरात घडते. हळदीचा एक जुना अडत्या हरिपुरातील पेवात, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, मृतावस्थेत सापडतो, पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि अकरावीत शिकणाऱ्या तीन मैत्रिणींना ती नोंद पटत नाही. त्यांपैकी एक कुस्ती खेळते, दुसरी अडत दुकानातील दिवाणजींची मुलगी असून हिशेबात तरबेज आहे, आणि तिसरीला नटण्यामुरडण्याची व मेंदी काढण्याची हौस असल्यामुळे तिला कोणीच गांभीर्याने घेत नाही.

पहिली काही प्रकरणे वाचून एका शिक्षिका मैत्रिणीने सांगितले, की कुस्ती खेळणारी मुलगी म्हणजे मुलग्याला वेण्या घातल्यासारखी वाटते, आणि दर चार पानांनी कोणी ना कोणी "मुलगी असून!" म्हणत तिच्याकडे डोळे विस्फारून पाहते. मुलींविषयीच्या ठरीव समजुतींना कथेने धक्का द्यावा अशी माझी इच्छा आहे, परंतु तो भाषणांतून नव्हे, तपासातून बसला पाहिजे. त्यासाठी काय करावे? पेवातील मृत्यू आणि पोलिसी कार्यपद्धती यांविषयीही जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

हरिपूरकर

पेवापासून सुरुवात करतो, कारण आपल्या कथेचा अर्धा उलगडा तिथेच आहे. पेवाचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असते. तोंड लिंपून बंद केले की आतील प्राणवायू हळूहळू संपतो, म्हणून कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. नेमक्या त्याच कारणाने नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरणारा माणूस पाहता पाहता बेशुद्ध पडू शकतो. त्यामुळे पेव उघडल्यावर ते बराच वेळ तसेच ठेवतात, दोरीला कंदील बांधून आत सोडतात, आणि ज्योत विझली तर कोणी उतरत नाही. आपला अडत्या या धंद्यात मुरलेला आहे. तो खात्री न करता उतरला, हेच मुळात पटण्यासारखे नाही. पेव कालपासून उघडे आहे, असे त्याला कोणी सांगितले? हा प्रश्न दिवाणजींच्या मुलीला पडू द्या, कारण पेव उघडण्याची हमाली कोणत्या तारखेला खर्ची पडली ते तिला वहीत दिसेल.

घटना ऑगस्टमध्ये मात्र घडवू नका. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागले की हरिपुरात पेव उघडण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. शिवाय पुरांनी अनेक पेवे निकामी केली आणि आता माल गोदामांत व शीतगृहांत जातो. कथा आजची असेल, तर या अडत्याला पेव कशासाठी लागले, हे सांगावे लागेल. नोंदीबाहेरचा माल ठेवण्यासाठी, असे उत्तर दिलेत तर खुनाचे कारणही हाती लागेल.

तालमीतली_आई

माझी लेक कुस्ती खेळते, म्हणून लिहीत आहे. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली आणि ती गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी त्याच वर्षी वयाच्या सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. असे असताना आपल्या कथेतील सांगलीकर लांग लावलेली मुलगी पाहून अजूनही दचकतात, हे कालबाह्य वाटते. ते दचकणे सरळ काढून टाका.

त्याऐवजी तिला तालमीतून आलेली अक्कल द्या. अंग सोडलेला माणूस उचलणे किती जड जाते, हे तिच्या खांद्यांना ठाऊक असते. बेशुद्ध माणसाला पेवाच्या अरुंद तोंडातून एकट्याने खाली सोडताना त्याच्या काखा, कोपरे आणि पाठ खरचटल्याशिवाय राहणार नाही. अंगावर तसे ओरखडे नसतील, तर तो स्वतःच्या पायांनी उतरला, एवढे ती छातीठोकपणे सांगू शकेल. आणि तिला थोडी माणसासारखी वागू द्या. ५३ किलोच्या गटात बसण्यासाठी आठवडाभर जेवण तोडलेली मुलगी चिडचिडी होते, मैत्रिणीच्या डब्याकडे पाहत राहते. मुलग्याला वेण्या घातल्याचा भास तिथेच संपेल.

मेंदीवाली मुलगी मला सर्वांत आवडली. हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो, आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा पडतो. संशयित म्हणतो, मी पेवाकडे फिरकलोच नाही, सदऱ्यावर पानाची पिंक उडाली आहे. मेंदीवर लावण्यासाठी हिच्या पिशवीत लिंबू असतेच.

ग्रंथपाल_विश्रामबाग

कल्पना सुरेख आहे, तरी एक शंका मांडतो. ज्या मुलीने साचा मोडायचा, तिचे यश शेवटी डाग धुण्याच्या ज्ञानावर उभे राहिले, तर वाचक मुलगी पुन्हा मोरीपाशीच पोहोचते. आपल्याकडील किशोर रहस्यकथांत हेरगिरी बहुधा मुलग्यांनी करायची आणि मुलींनी डबे पुरवायचे, असा रिवाज होता. तो मागच्या दाराने परत येऊ नये.

तालमीतली_आई

मला हे पटत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद आम्ल-आम्लारी ओळखण्यासाठी वापरतात, तेव्हा त्याला आपण रसायनशास्त्र म्हणतो. तोच बदल दोरीवरच्या सदऱ्यावर ओळखला की ती मोरी कशी होते? हवे तर डाग लाल झालेला कुस्तीवाल्या मुलीच्या धाकट्या भावाला आधी दिसू द्या, कारण त्या घरात कपडे तो धुतो. त्याचा अर्थ मात्र मेंदीवालीनेच लावावा.

वकील_मिरज

कार्यपद्धतीविषयी थोडक्यात लिहितो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. संशयास्पद मृत्यूचा मरणोत्तर पंचनामा तिच्या कलम १९४ नुसार होतो. कलम १७९ नुसार स्त्रीला साक्षीदार म्हणून पोलीस ठाण्यात हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी जावे लागते. म्हणजे मुलींना ठाण्यात रांगेने उभे केल्याचे प्रकरण लिहिले असल्यास ते बदला. घरातला जबाब कथेला अधिक उपयोगी पडेल, कारण स्वयंपाकघराच्या दारात आजी उभी असताना रात्री आपण पेवाजवळ काय करत होतो, हे सांगणे मुलीला ठाण्यातल्यापेक्षा जड जाईल.

दुसरे असे, की बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्ह्यातील बालसाक्षीदाराचे नाव, पत्ता किंवा शाळा वृत्तपत्रात छापता येत नाही. खून उघडकीस आणणाऱ्या मुलींची नावे दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नसतील, आणि श्रेय साहजिकच तपास अधिकाऱ्याकडे जाईल. गावात त्यांच्याकडे कोणी कौतुकाने पाहणार नाही, कारण कोणाला ठाऊकच नसेल.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हमालीची नोंद, ओरखडे आणि लिंबू या क्रमाने तपास पुढे नेते, आणि "मुलगी असून" ही सर्व वाक्ये आजच काढून टाकते. वकीलसाहेब, सदऱ्यावर मुलीने स्वतः लिंबू पिळले, तर चालेल का?

वकील_मिरज

चालणार नाही. पंचनाम्याआधी पुराव्याला हात लागला की बचाव पक्षाचा वकील पहिला घाव तिथेच घालील. तिने घरचा एखादा रुमाल हळदीने माखून, साबणाने धुऊन, त्यावर लिंबू पिळून अधिकाऱ्याला दाखवावे. सदरा पंचांसमक्ष जप्त होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाऊ द्या. आणि तोवर तो उन्हात राहणार नाही, एवढे मात्र तिला बघावे लागेल, कारण उन्हात हळदीचा डाग उडून जातो.