सड्यावर दोन हजार झाडं : कंपनीला हो म्हणायचं की नाही?

खाडीकाठ
आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाली खाडी आणि वर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार. जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचं ग्रामपंचायतीला पत्र आलंय : सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून) सड्यावर दोन हजार झाडं लावून देतो. खड्डे, रोपं, कुंपण, सगळं त्यांचं. गावाने जागा द्यायची आणि उद्घाटनाला यायचं. रविवारी ग्रामसभा आहे आणि सरपंच हो म्हणायच्या बेतात आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे घ्यावेत, झाडं घेऊ नयेत. निदान सड्यावर तरी नकोत.

सडा ओसाड, हे आपल्याच डोक्यात कुणीतरी भरवून ठेवलंय. भाद्रपदात वर जाऊन बघा, सीतेची आसवं आणि तेरड्याने कातळ दिसत नाही. पावसाच्या सुरुवातीला दीपकाडी फुलते, ती या आसपासच्या कातळांपलीकडे फारशी कुठे सापडत नाही. गावातल्या गुरांचं गवत तिथलंच. असल्या जागी ब्रेकर लावून खड्डे फोडायचे, बाहेरून आणलेली माती भरायची आणि रोप उभं करायचं. पावसाळाभर खड्ड्यात पाणी तुंबतं, मुळं कुजतात. जे तगतं ते मार्चमध्ये करपतं. शेजारच्या गावात हे होऊन गेलंय. आता तिथे फलक तेवढा शाबूत आहे.

आणि कातळशिल्पं, सड्यावर कोरलेल्या त्या जुन्या आकृती? आपल्या भागातल्या कातळशिल्पांची नावं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. अजून कितीतरी सड्यांवर कुणी नीट फिरून पाहिलेलं नाही. ब्रेकरवाल्याला कातळातली रेघ कुठली आणि शिल्प कुठलं, काय कळणार?

पागोळी
लक्ष्मी आली टिळा लावायला, तर तुम्ही निघालात तोंड धुवायला. ग्रामपंचायतीकडे घरपट्टीशिवाय काय आहे सांगा. एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावाने अटी घालायच्या? दोन हजारांतली दोनशे जगली तरी दोनशे जास्तच. फुलं बघायला पुण्याचे लोक येतात, आम्हाला सावली हवी.

खाडीकाठ
दोनशे जगली तर मीच पेढे वाटेन. पण दुसरी एक गोष्ट सरपंचांनाही विचारली, तुम्हालाही विचारतो : जागा नेमकी कुणाची? त्या सड्याच्या सातबाऱ्यावर चौसष्ट नावं आहेत. त्यातली निम्मी माणसं वारली, वारस नालासोपारा ते डोंबिवली पसरलेत. संमतीपत्रावर सही कोण करणार? उद्या कुंपण पडलं की गणपतीला आलेला एखादा चाकरमानी पहिला प्रश्न विचारेल, माझ्या हिश्शात तार कुणी ओढली?

पागोळी
हा मुद्दा मान्य. पण तो झाडांविरुद्धचा नाही, आपल्या भाऊबंदकीविरुद्धचा आहे.

आकडेमोड
मी अशाच एका कंपनीत सीएसआरचं काम बघतो (तुमच्या पत्रातली नव्हे), म्हणून पलीकडची बाजू मांडतो. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायला लावतं. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असंही त्यातच लिहिलंय. म्हणजे तुमच्या गावावर कुणी उपकार करत नाही, इथवर मी तुमच्याच बाजूचा.

पण आम्हाला आर्थिक वर्ष असतं. लेखापरीक्षकाला खर्च दिसावा लागतो. झाड मोजता येतं, खड्डा मोजता येतो, फोटो काढता येतो. 'सड्यावरचं गवत राखलं' याचं बिल मी कुठल्या रकान्यात घालू? संचालक मंडळापुढे उभं राहून सांगून बघा एकदा.

मर्यादवेल
रकाना आहे, तुम्ही उघडत नाही एवढंच. २०२१ च्या नियमांत 'चालू प्रकल्प' ही सोय आहे : सुरू झालं ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत. उरलेला पैसा वेगळ्या खात्यात टाकून वापरता येतो. मग मार्च अखेरची घाई कशाला? रोपं एका वर्षात, राखण पुढची तीन वर्षं, असा करार करायला कायदा आडवा येत नाही.

राखणीचा पैसा म्हणजे काय ते किनाऱ्यावर बघा. वेळासला २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना धरून ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पहाटे किनारा चालायचा, अंडी उचलून हॅचरीत (कुंपणातल्या वाळूत) पुरायची, पन्नासेक दिवस कोल्ह्याकुत्र्यांपासून सांभाळायची. त्यात मोजण्यासारखं बांधकाम काय? रोज चालणारी माणसं. पुढे कासव महोत्सव आला, घरोघरी पाहुणे उतरू लागले, तेव्हा कासव राखणं परवडायला लागलं.

उलट किनाऱ्यांवर हरित पट्टा म्हणून सुरूची झाडं लावली गेली. कासविणीला अंडी घालायला मोकळी वाळू लागते, तिथे मुळांची जाळी. झाड लावलं की पर्यावरण झालं, या हिशेबाचा हा नमुना.

पाग
सगळे गोड बोलताय. मी मच्छीमाराच्या घरातला. खाडीत मासे उलटे तरंगताना लहानपणापासून बघतोय. पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीचं प्रदूषण आणि त्यापायी बुडालेली मच्छीमारी नोंदवलेली आहे. ती नोंद वाचा आणि मग झाडं मोजा. खाली पाणी सोडायचं आणि वर रोपं लावायची. खाडीचा डाग सड्यावर जाऊन धुतात होय?

माझं म्हणणं, एक रुपया घेऊ नका. घेतला की तोंड बंद. उद्या खाडीत फेस आला तर तक्रार कोण करणार? तोच सरपंच, ज्याने नारळ फोडला?

आकडेमोड
सांडपाणी शुद्ध करणं ही कायद्याने ठरवलेली जबाबदारी आहे, तो खर्च सीएसआरमध्ये दाखवताच येत नाही. दोन्ही खाती वेगळी आहेत.

पाग
खाती तुमच्या वहीत वेगळी. खाडी एकच आहे.

पागोळी
पाग, राग समजतो. पण पैसे नाकारल्याने फेस थांबेल का? गावात पैसा येऊन तक्रारही करता येते. मागच्या वर्षी शाळेचं छप्पर एका कंपनीनेच घातलं, म्हणून आम्ही गप्प बसलो नाही.

पाग
बसलात. आठवा.

मर्यादवेल
कंपनीचा नाही, सरकारी पैसा आहे, तरी एक उदाहरण देते. जाळ्यात कासव किंवा बहिरी (व्हेल शार्क) सापडला की जाळं कापून सोडून द्या, नुकसानीचे २५ हजारांपर्यंत मिळतील, अशी योजना वन विभागाच्या कांदळवन कक्षाने २०१८ च्या अखेरीस आणली. नाखवा जाळं कापतो, फोटो काढून पाठवतो. उद्घाटन नाही, टी-शर्ट नाही. कंपन्यांनी अशा कामात भर घातली तर मीही नारळ घेऊन येईन.

खाडीकाठ
पाग यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. म्हणून ग्रामसभेत एवढंच मांडणार : ठरावात लिहायचं की या मदतीचा आणि सांडपाण्याच्या तक्रारींचा काडीचा संबंध नाही. कंपनीला हे वाक्य खुपलं तर तिथेच उत्तर मिळालं. झाडं सड्याऐवजी पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला, गावात पूर्वी असलेलीच : उंडी, करंज, जांभूळ, आंबा. तीही पाचशेच. उरलेल्या पैशातून पावसाळा सरल्यावर पऱ्यावर वनराई बंधारे (माती भरलेल्या पोत्यांचे) आणि तीन वर्षं राखणदाराचा पगार. पऱ्याकाठच्या जागेची नावंही कमी आहेत, अकराच. त्यातले सातजण मुंबईतून फोनवर हो म्हणालेत.

आकडेमोड
बंधारे आणि राखणदार मी माझ्या मंडळापुढे मांडू शकेन. त्या वाक्याचं सांगता येत नाही.

पागोळी
चला, मी रविवारी हात वर करतो. पण राखणदार एक आणि वणवा चारही बाजूंनी. काजूच्या बागा साफ करताना कुणीतरी काडी लावणारच. फेब्रुवारीत जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायला गावात माणसं किती असतील, मोजलीत का?

खाडीकाठ
मोजली. कोयता धरू शकतील अशी नऊ. त्यात तुम्ही धरलेले आहात.