प्रॉडक्ट मॅनेजर (पीएम) नुसत्या मीटिंगा लावतो का?
प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे प्रॉडक्टमध्ये काय बनवायचं आणि काय नाही ते ठरवणारा. त्याच्याबद्दल लोक म्हणतात की हा नुसत्या मीटिंगा लावणारा माणूस, राबतात डेव्हलपर आणि हा स्लाइड्स दाखवतो. असे नमुने असतात, नाही असं नाही. पण यातलं बरंचसं काम लोकांना नाही म्हणायचं असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. सेल्सवाला धावत येतो, मोठा कस्टमर एक्सेल एक्सपोर्टचं बटण मागतोय, नाहीतर डील गेलं म्हणून समजा. आता त्या कस्टमरलाच विचारलं की एक्सपोर्ट करून पुढे काय करता, तर कळतं दर सोमवारी ती फाइल साहेबांना मेल करायची असते, मग बटण कशाला, रिपोर्टच आपोआप जाऊ दे की मेलवर! आणि गंमत म्हणजे डेव्हलपर, डिझायनर बहुतेक ठिकाणी पीएमच्या हाताखाली नसतातच, त्यामुळे हुकूम सोडून चालत नाही, पटवत बसावं लागतं.

बाकी हे प्रॉडक्ट मॅनेजरचं खूळ सॉफ्टवेअरवाल्यांचं नाहीच, १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉयने ब्रँडची जबाबदारी सांभाळायला वेगळी माणसं द्या असा मेमो लिहिला तिथून सुरू झालं (साबण विकायला स्प्रिंट, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांचे ठरावीक मुदतीचे कामाचे टप्पे, लागत नव्हते, सुखी होते बिचारे). ज्यांना या लाइनीत यायचंय त्यांनी सर्टिफिकेटवर पैसे घालवण्याआधी सपोर्टची तिकिटं (म्हणजे कस्टमरच्या नोंदवलेल्या तक्रारी) वाचावीत आणि थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिकून घ्यावं.