चाहत्यांच्या हाती क्लब म्हणजे भिकेचे डोहाळे?

गोलपोस्टमागचा

रेक्सहॅम हा वेल्समधला फुटबॉल क्लब सलग तिसऱ्यांदा वरच्या लीगमध्ये चढल्यापासून एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणणं असं: चाहत्यांच्या ट्रस्टने (सभासदांच्या संस्थेने) दहा वर्षं क्लब इंग्लिश फुटबॉलच्या पाचव्या पायरीवर कुजवला, दोन नटांनी २०२१ मध्ये घेतला आणि चार वर्षांत चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर, नेऊन बसवला, तेव्हा खालच्या लीगमधल्या क्लबांनी मतदान-मतदान खेळणं थांबवावं आणि गुमान एखादा शेठ गाठावा. खाली टाळ्यांचा पाऊस. डोकं फिरलं, म्हणून हे लांबण.

मुळात रेक्सहॅमला खड्ड्यात घातलं कोणी? खासगी मालकानेच. २००४ मध्ये मैदानाच्या जागेवर डोळा असलेल्या प्रॉपर्टीवाल्याने क्लबलाच त्याचं मैदान, रेसकोर्स, खाली करायला सांगितलं होतं. डिसेंबरात क्लब अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये (देणी थकल्यावर कारभार बाहेरच्या प्रशासकाकडे जातो तो प्रकार) गेला, दहा गुण कापले (त्या नियमाचा पहिला बळी हाच) आणि मोसमाअखेर संघ खाली गेला. २०११ मध्ये ट्रस्टच्या हाती आला तो सांगाडा.

आणि 'कुजवला' म्हणणाऱ्यांनी २०११-१२ चा गुणतक्ता उघडून बघावा. रेक्सहॅमचे गुण ९८. अठ्ठ्याण्णव! पण त्या लीगमधून थेट वर एकच संघ जातो आणि तो होता १०३ गुणांचा फ्लीटवुड. त्याचे मालक पुढे २०२३ मध्ये त्यांच्या वीज-गॅस कंपन्यांच्या फसवणूक प्रकरणात तेरा वर्षांसाठी आत गेले. हे तुमचं शेठ मॉडेल.

'बरी' नावाचा क्लब घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये क्लब एका पौंडाला विकला गेला. त्याचं मैदान गिग लेन आधीच्या मालकाच्या काळातच गहाण पडलेलं. २७ ऑगस्ट २०१९ ला लीगने हाकललं. १८९४ पासूनचं सभासदत्व एका संध्याकाळी संपलं. मैदान परत मिळवलं ते चाहत्यांनी, २०२२ मध्ये.

मालक देव आहे की दानव हा प्रश्नच नाही. मैदानाचा सातबारा कोणाच्या नावावर, एवढंच विचारा.

ताळेबंद

भावना पोचल्या. आता आकडे.

लीग टूमध्ये (चौथी पायरी) पगाराचा खर्च उलाढालीच्या ५० टक्क्यांत बसवावा लागतो, लीग वनमध्ये (तिसरी) ६०. मेख अशी की मालकाने भागभांडवल म्हणून ओतलेला पैसा या हिशेबात मोजला जात आलाय, कर्ज मात्र नाही. समजा तिकिटं, टीव्हीचा वाटा, बार, जाहिराती धरून उलाढाल ४० लाख पौंड. ट्रस्टकडे पगाराला २० लाख. शेजारच्या शेठने वर १५ लाखांचे शेअर घेतले की त्याच्याकडे ३५ लाख. पुढचं मैदानावर दिसतंच.

मग ट्रस्टवाले कशावर जगतात? एफए कपच्या चिठ्ठीवर, म्हणजे मोठा क्लब समोर येण्यावर. एक्झिटरला जानेवारी २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड लागलं, ०-० झालं, पुन्हा सामना झाला आणि त्या पैशावर जुनी देणी फिटली. न्यूपोर्टने लीड्सला हरवलं, टॉटनहॅमला घरी १-१ रोखलं, वेम्बलीवरच्या फेरसामन्याचा गल्ला वाटून घेतला. चिठ्ठीत बार्नेटसारखा छोटा क्लब निघाला असता तर? शेवटी जानेवारी २०२४ मध्ये न्यूपोर्टच्या ट्रस्टनेही ५२ टक्के देऊन टाकले.

आणि विकायला कोणी पिस्तूल रोखलं नव्हतं. रेक्सहॅमच्या सभासदांनी ९८.६ टक्के मतांनी विकलं. पोर्ट्समथच्या भागधारकांनी २०१७ मध्ये ८० टक्क्यांहून जास्त मतांनी. चाहत्यांनाच चाहत्यांची मालकी नको असेल तर आपण पुण्या-ठाण्यात बसून कशाला छाती पिटायची?

औंधकर

पुण्याचं नाव निघालंच आहे तर ब्लॅकबर्नवर कोणी बोलणार आहे का? की घरचं म्हणून गप्प?

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या कोंबडीवाल्या वेंकीजने २ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेतला. डिसेंबरात तेराव्या क्रमांकावर असलेल्या संघाचा मॅनेजर काढला. अॅलरडाइसला! २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून बाहेर, २०१७ मध्ये थेट तिसऱ्या पायरीवर. १९९५ चा विजेता क्लब लीग वनमध्ये. विगनविरुद्धच्या सामन्यात लोकांनी झेंडा पांघरलेली कोंबडी मैदानात सोडली आणि त्याच रात्री हरून संघ खाली गेला. खासगी मालकीचा याहून चांगला नमुना दाखवा.

सडेतोड सदू

आली कोंबडी! या विषयावर कोणी तोंड उघडलं की पाचव्या मिनिटाला कोंबडी येतेच.

औंधकर, पूर्ण गोष्ट सांगा ना. पंधरा वर्षं दरवर्षीची तूट कोणी भरली? क्लब एकदाही अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला का? मैदान, इवूड पार्क, विकून मोकळे झाले का? २०१७ ला खाली गेले आणि पुढच्याच मोसमात मॅनेजर मोब्रेच्या हाताखाली वर आले. बरीच्या माणसाला विचारा, तो असा मालक डोक्यावर घेऊन नाचेल. निर्णय वाईट होते, मान्य. पण वाईट निर्णय घेणारा आणि पैसे न देणारा या दोन वेगळ्या जाती आहेत.

औंधकर

'तूट भरली' म्हणे. तूट कोणाच्या निर्णयांनी झाली? आग लावायची आणि पाण्याचं बिल दाखवायचं.

आणि तुमचा हा भरवशाचा नळ २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या परवानगीवर आला. ईडीच्या प्रकरणामुळे पैसे पाठवायचे तर आधी कोर्टात अर्ज, वर हमी द्यावी लागली. मॅनेजर जानेवारीत खेळाडू मागायचा, इकडे तारीख पडायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये अॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला गेला, अकादमीत वाढलेला पोरगा. मालक एक, पैशाची वाट एक, ती बंद झाली की क्लब ठप्प.

सडेतोड सदू

ट्रस्टच्या क्लबात अकादमीतली पोरं विकत नाहीत वाटतं? एक्झिटरने ऑली वॉटकिन्स काय भिशीत वाटला? विकतात तेव्हा 'आदर्श कारभार', ब्लॅकबर्नने विकला की 'ठप्प'. पुण्याच्या उद्योजकाने केलं की खुपतं, अमेरिकन नटाने केलं की डॉक्युमेंटरी. हा न्यूनगंड आहे, दुसरं काही नाही.

औंधकर

न्यूनगंड? लँकेशायरमधले लोक सीझन तिकीट फाडत होते ते काय मराठी न्यूनगंडाने? जरा शुद्धीवर या.

रंकाळ्यावरचा

भांडा निवांत. आमच्याकडं कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल सगळे तालमीचेच संघ. मालक कोण म्हटलं तर पेठ.

ताळेबंद

रंकाळ्यावरचे, पेठेला लीग टूचे पगार भरायचे नाहीत. कृ.ह.घ्या.

पौंड-शिलिंग

वेंकीजचा वेगळा धागा काढा राव. मूळ पोस्ट आणि उत्तर, दोन्हींत एक गोष्ट निसटली आहे: ट्रस्टने क्लब घेतला म्हणजे नेमकं काय घेतलं?

आधी सोसायटी नोंदवायची, कम्युनिटी बेनिफिट प्रकारची. एक सभासद, एक मत, मग दहा पौंड घाला नाहीतर दहा हजार. शेअर बाजारात विकता येत नाही. सोसायटीने परत घेतला तर घेतला, तोही तिजोरीत असेल तेव्हाच. नियमावलीत मालमत्तेला कुलूप घालायचं, म्हणजे पुढच्या पिढीतल्या सभासदांना मैदान विकून पैसे वाटून घेता येत नाहीत. बरेच जण हे शेवटच्या आठवड्यात आठवून घाईघाईने घालतात आणि कलमाची भाषा ढिली राहते.

दुसरं, मैदान कौन्सिलकडे 'असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू' म्हणून नोंदवून घ्यायचं. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली मालकाने विकायला काढलं की सहा आठवड्यांत बोलीचा इरादा कळवायचा. कळवला तर एकूण सहा महिने विक्री थांबते. पण मुदत संपल्यावर तो कोणालाही विकू शकतो, तुम्हालाच विकायची सक्ती नाही. आणि नोंदणी पाच वर्षांची असते. नूतनीकरण विसरणारे महाभाग भरपूर.

क्लब अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये असेल तर खेळाडू आणि इतर क्लबांची देणी शंभर टक्के आधी भरावी लागतात. बाकीच्यांना, म्हणजे लाँड्रीवाला, रुग्णवाहिकावाले, पौंडामागे किमान २५ पेन्स तरी ताबडतोब द्यायचे. नाही दिले तर आणखी १५ गुण कापले जातात. म्हणजे ट्रस्टची वर्गणी आधी जुन्या सेंटर फॉरवर्डच्या थकलेल्या पगारात जाते.

पोर्ट्समथने २०१३ मध्ये हे करून दाखवलं. हजार पौंडांचा एक शेअर, वर कौन्सिलचं साडेचौदा लाख पौंडांचं तात्पुरतं कर्ज. आणि मुख्य म्हणजे फ्रॅटन पार्क गहाण ठेवून बसलेल्या धनकोशी कोर्टात झुंजून ३० लाखांत मैदान सोडवलं. २०१४ पर्यंत जुनं कर्ज शून्य.

उलट उदाहरण स्टॉकपोर्ट. २००५ मध्ये ट्रस्टला क्लब मिळाला, एजली पार्क नाही. मैदान आधीच्या मालकाच्या कंपनीकडे. क्लब तुमचा, तोटाही तुमचा, मैदानाची कमाई दुसऱ्याची. एप्रिल २००९ मध्ये अॅडमिनिस्ट्रेशन, २०१३ पर्यंत सहाव्या पायरीवर. ट्रस्ट नालायक होता असं सांगतात. असेलही थोडाफार, पण असा करार बिल गेट्सलाही झेपला नसता.

गोलपोस्टमागचा

हेच म्हणतोय मी पहिल्या प्रतिसादापासून.

ताळेबंद

नाही, तुम्ही 'शेठ वाईट' म्हणत होता. पौंड-शिलिंग वेगळं बोलताहेत आणि त्यांचं मला पटतं. स्टॉकपोर्टचा शेवट मात्र त्यांनी सोयीस्कर गाळला: २०२० मध्ये खासगी मालक आला, २०२२ मध्ये क्लब पुन्हा लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांत.

जर्मनीचं ५०+१ (क्लबात सभासदांकडेच बहुमत हवं हा नियम) कोणी काढायच्या आत सांगून ठेवतो. आखेनचा अलेमानिया सभासदांच्याच ताब्यात होता. २००९ मध्ये नवं स्टेडियम, टिव्होली, उभारलं, २०१२ मध्ये दिवाळखोरी, २०१७ मध्ये पुन्हा. स्वतःचं स्टेडियम बांधायची हौस चाहत्यांनाही नडते.

गोलपोस्टमागचा

आणि विम्बल्डन? २००२ मध्ये परवानगी मिळवून क्लब उचलून २००३ मध्ये मिल्टन कीन्सला नेला तो खासगी मालकांनीच. चाहत्यांनी शून्यातून एएफसी विम्बल्डन काढलं, नऊ वर्षांत लीगमध्ये, २०२० मध्ये प्लाऊ लेनला, आपल्या जुन्या भागातल्या नव्या मैदानात, परत. बांधकामाला पैसे कमी पडले तेव्हा श्रीमंत मंडळी बहुमत मागायला आली होती. सभासदांनी नाही म्हणून बाँड काढले, व्याज किती घ्यायचं ते देणाऱ्याने ठरवायचं, जास्तीत जास्त चार टक्के. ५० लाखांवर पौंड उभे राहिले.

ताळेबंद

बाँड म्हणजे देणगी नव्हे. मुदत संपली की मुद्दल परत द्यायचं असतं आणि ते त्याच तिकिटांच्या पैशातून. बाकी विम्बल्डनबद्दल बोललो तर मला इथे दगड पडतील, म्हणून टोपी काढतो. खूश?

सडेतोड सदू

आता इंग्लंडात २०२५ चा कायदा आलाय. वरच्या पाच पायऱ्यांना नियामकाचा परवाना लागणार, मैदान विकायलाही त्याची परवानगी. मग ट्रस्टची गरजच काय?

औंधकर

कायदा मैदान विकू देणार नाही. कोणाला मॅनेजर नेमावं हे थोडंच सांगणार आहे? अॅलरडाइसला काढताना नियामक काय करणार होता?

सडेतोड सदू

अॅलरडाइस सोडा हो आता! पंधरा वर्षं झाली.

पौंड-शिलिंग

मधला रस्ता वायकोंबने काढलाय. ट्रस्टने फेब्रुवारी २०२० मध्ये क्लबचे ७५ टक्के विकले, पण मैदान, अॅडम्स पार्क, स्वतःच्या कंपनीकडे ठेवलं. त्याच उन्हाळ्यात संघ चॅम्पियनशिपमध्ये गेला. २०२४ मध्ये मालक पुन्हा बदलला, मैदान त्या व्यवहारात नव्हतंच.

उलट रेक्सहॅमच्या ट्रस्टकडे रेसकोर्स कधीच नव्हतं. ते २०११ पासून विद्यापीठाकडे होतं, २०२२ मध्ये नव्या मालकांनी विकत घेतलं. उद्या नटांनी क्लब पुढे विकला तर मैदानही सोबत जाऊ शकतं. ९८.६ टक्केवाल्यांपैकी किती जणांनी ते विचारलं होतं कोण जाणे.

ताळेबंद

वायकोंबचं चालेल. नाइलाजाने. पण भाडं कोण ठरवणार? ट्रस्टने पेपरकॉर्न, म्हणजे नावापुरतं, भाडं लावलं तर छताच्या दुरुस्तीला पैसा कुठून आणणार, आणि बाजारभाव लावला तर तुम्हीच स्टॉकपोर्टचे घरमालक.

पौंड-शिलिंग

दीर्घ मुदतीचा लीज, दुरुस्ती पूर्ण भाडेकरूकडे, भाडं नाममात्र, आणि क्लब अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला की लीज आपोआप संपून ताबा ट्रस्टकडे. शेवटचं कलम मालकाच्या वकिलाला अजिबात आवडत नाही. ते गाळून सही मागतात. द्यायची नाही.